किल्ली नसलेले कुलूप

चिक्कडपल्लीत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या घरी एकाच वस्तूला तीन-चार नावे असतात. आम्ही 'कुलूप' म्हणतो. हा शब्द मूळ अरबी 'कुफ्ल', फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येताना थोडा फिरला. 'चावी' पोर्तुगीजांकडून आली. शेजारच्या तेलुगू घरात कुलपाला 'ताळम्' म्हणतात आणि किल्लीला 'ताळम् चेवि'. 'चेवि' म्हणजे कान. कुलपाच्या कानात सांगितल्याशिवाय ते उघडत नाही, असा अर्थ काढला तर तो भाषाशास्त्रात कदाचित बसणार नाही, पण मनाला पटतो.

या लेखाचा विषय मात्र ज्याच्या कानात काही घालता येत नाही असे कुलूप आहे. त्याला किल्लीचे भोकच नसते. तीन-चार फिरती कडी किंवा एक गोल तबकडी असते आणि ठरलेला आकडा जुळवला की ते उघडते. आपल्याकडे त्याला साधेपणाने 'नंबरचे कुलूप' म्हणतात. त्याची किल्ली हरवत नाही, चोरीला जात नाही, खिशाला जड होत नाही. तिला एकच रोग होतो : विसर. ज्याने आकडा ठरवला तो विसरला किंवा निघून गेला, की कुलूप मालकालाही परके होते. असा आकडा पुन्हा कसा मिळवायचा, हा प्रश्न माणसाला शेकडो वर्षे पडत आला आहे. त्याच्या उत्तराचा इतिहास आमच्यासारख्या जुन्या घरांना उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे तो येथे मांडत आहोत.

नंबरचे कुलूप म्हटले की विलायती वस्तू डोळ्यांसमोर येते. पण त्याचे जुने धागे पूर्वेकडे जातात. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकिर येथे अल-जझरी नावाचा थोर यंत्रज्ञ अर्तुकी राजांच्या पदरी होता. पाण्याची घड्याळे, पाणी उपसण्याची यंत्रे, आपोआप हलणाऱ्या बाहुल्या यांची रचना सांगणारा ग्रंथ त्याने १२०६ साली पुरा केला. त्यात पेटीच्या झाकणावर बसवायच्या अक्षरांच्या कुलपाचेही वर्णन आहे. झाकणावर चार तबकड्या, त्यांच्यावर अक्षरे. ठरलेली अक्षरे ठरलेल्या जागी आली तरच झाकण उचलता येते.

त्याच्याही पाच-सहा वर्षे आधीची, हिजरी ५९७ म्हणजे इ.स. १२००-०१ मधली, अशा कुलपाची एक पेटी आज डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या डेव्हिड कलेक्शन या संग्रहालयात आहे. ती करणारा कारागीर मुहम्मद इब्न हामिद हा इस्फहानचा. त्याचे उपनाव 'अल-अस्तुरलाबी', म्हणजे ॲस्ट्रोलेब करणारा. ग्रहताऱ्यांच्या जागा मोजण्याच्या या यंत्रालाही एकावर एक फिरणाऱ्या, बारीक खुणांच्या तबकड्या असतात. ज्या हातांना त्या अचूक बसवण्याची सवय होती, त्याच हातांनी कुलपाच्या तबकड्याही बसवल्या. आकाश मोजणाऱ्या कारागिराने पेटी बंद करावी, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. दोन्ही कामे केसाइतक्या अंतराची आहेत.

युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी फ्रान्सच्या एद्मे रेन्ये याने केलेली अक्षरांची कुलपे गाजली. पुढे अमेरिकेत बँकांच्या तिजोऱ्यांना नंबरची कुलपे बसू लागली आणि एक नवीच अडचण उभी राहिली. आकडा माणसाच्या डोक्यात, म्हणून दरोडेखोर तिजोरीऐवजी त्या माणसालाच धरू लागले. मॅनेजरच्या घरी रात्री जायचे, बायकामुलांसमोर बंदूक रोखायची आणि आकडा वदवून घ्यायचा. यावर १८७३ साली जेम्स सार्जंट याने वेळेचे कुलूप काढले. आत घड्याळ बसवलेले. ठरलेली वेळ होईपर्यंत खरा आकडा लावूनही तिजोरी उघडत नाही. एकाच माणसाच्या डोक्यात ठेवलेले गुपित त्या माणसालाच ओझे होते, हा धडा बँकांनी तेव्हा घेतला.

आपल्याकडची वाट वेगळी. जुन्या भारतीय कुलपांतही गुपित असे, पण ते आकड्याचे नसे. एखादी पट्टी सरकवल्याशिवाय किल्लीचे भोक दिसायचे नाही, एखादा खिळा दाबल्याशिवाय किल्ली फिरायची नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कुलपे पाहताना ही कारागिरी कळते. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि काही वर्षांत तिजोऱ्याही करू लागले. तरीही सामान्य मराठी घरात नंबरचे कुलूप बऱ्याच उशिरा आले, ते बहुधा ॲटॅची केसच्या रूपाने. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सरकारी नोकरीतल्या माणसाच्या हातात काळी किंवा तपकिरी ॲटॅची असे आणि तिच्या दोन्ही खिट्ट्यांजवळ तीन-तीन आकडी चक्रे. लग्नाच्या आहेरात ती यायची आणि बऱ्याच घरी शेवटपर्यंत ०००वरच राहायची. विसरण्यापेक्षा हे बरे, असा हिशेब.

आता हे कुलूप चालते कसे ते पाहू. आमची पदविका यंत्रांची असल्यामुळे हा भाग थोडा सविस्तर सांगतो, वाचकांनी सांभाळून घ्यावे.

चार कड्यांच्या कुलपात मधून एक दांडा जातो. त्या दांड्यावर दात असतात. प्रत्येक कड्याच्या आतल्या बाजूस एक खाच असते. चारही खाचा एका रेषेत आल्या की दात त्यांतून सरकतात आणि दांडा बाहेर येतो. एकही खाच चुकली तर एक दात अडतो, आणि एक दात अडला की सगळेच अडते. तबकडीच्या कुलपात हीच गोष्ट आडवी मांडलेली असते. बाहेर एकच तबकडी दिसते, पण आत एकामागे एक तीन चकत्या असतात. तबकडी आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे फिरवली की एकेक चकती आपल्या जागी थांबते. तिन्ही खाचा जुळल्या की वरची पट्टी त्यांत पडते आणि कडी सुटते.

आकडा विसरल्यावर पहिला उपाय गणिताचा. तीन कडी, प्रत्येकावर दहा आकडे, म्हणजे १,००० जोड्या. एका प्रयत्नाला पाच सेकंद धरली तर सगळ्या जोड्या ८४ मिनिटांत संपतात. म्हणून तीन आकड्यांचे कुलूप हे फक्त घाईत असलेल्या माणसासाठी कुलूप आहे. चार कड्यांच्या १०,००० जोड्यांना जवळजवळ १४ तास लागतात. चार संध्याकाळी वाटून घेतले तर तेही घरच्या घरी होण्यासारखे आहे. तबकडीवर ४० खुणा आणि तीन आकडे असतील तर जोड्या ६४,००० होतात. तिथे मात्र नुसता धीर पुरत नाही.

दुसरा उपाय कुलपाच्या ढिलाईचा. जगात कोणतीही वस्तू कागदावरच्या रेखाटनाइतकी अचूक नसते. कडी हलकेच ओढून धरून चक्रे फिरवली तर एखादे चक्र इतरांपेक्षा जड फिरते, कारण त्या क्षणी सगळा भार त्याच्यावर असतो. हाताला हा फरक कळू लागला की हजारांचा हिशेब दहा-वीसवर येतो. अमेरिकेतील सॅमी कामकार या संगणकतज्ज्ञाने २०१५ साली तबकडीच्या एका प्रचलित कुलपाचा असा अभ्यास करून ६४,००० जोड्यांचे काम आठ प्रयत्नांवर आणून दाखवले.

या ढिलाईचा सर्वांत गमतीदार अभ्यास केला तो पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवणाऱ्या रिचर्ड फाइनमन यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या कामावर होते. गुप्त कागद नंबरच्या कुलपांच्या कपाटांत असत. तबकडीवर शंभर खुणा, तीन आकडे, म्हणजे दहा लाख जोड्या. फाइनमन यांनी आपल्याच कपाटावर प्रयोग केले आणि त्यांना आढळले की आकडा दोन घरे इकडे-तिकडे असला तरी कुलूप चालते. म्हणजे दर पाचवा आकडा तपासला तरी पुरे. शंभराचे झाले वीस, आणि दहा लाखांचे झाले आठ हजार. शिवाय कपाट उघडे असताना सहज तबकडी फिरवत गप्पा मारल्या की शेवटचे दोन आकडे हाताला कळत. मग उरले फक्त वीस प्रयत्न.

पण त्यांनी पुढे सांगितलेली गोष्ट यंत्राची नाही, माणसाची आहे. एका सहकाऱ्याच्या कपाटाला त्यांनी लावून पाहिला तो आकडा होता २७-१८-२८. गणितातल्या ई या स्थिरांकाचे हे पहिले आकडे, २.७१८२८. गणिताशी रोजचा संबंध असलेला माणूस दुसरा कोणता आकडा ठेवणार? कपाट उघडले. त्याची इतर कपाटेही त्याच आकड्याने उघडली. एका मोठ्या अधिकाऱ्याची भक्कम तिजोरी तर तिथल्या कुलूपवाल्याने क्षणात उघडली होती, कारण कारखान्यातून येताना लावलेला आकडा कोणी बदललाच नव्हता. मग फाइनमन यांनी इतरत्र तपासले तेव्हा साधारण पाचातले एक कपाट त्या कारखान्याच्या आकड्यानेच उघडे असल्याचे दिसले. अणुबाँबची गुपिते आणि आपल्या आहेरातल्या ॲटॅच्या या बाबतीत एकाच पंक्तीला बसतात.

म्हणजे विसरलेला आकडा मिळवण्याचा तिसरा उपाय हा : आकडा शोधण्याआधी तो ठेवणारा माणूस शोधावा. या तिसऱ्या उपायाची प्रचीती आम्हा घरच्यांना हैदराबादी पद्धतीने आली, ती सांगण्यासारखी आहे.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यात महसूल खात्यात कारकून होते. मराठवाड्यातून हैदराबादला आले आणि इथलेच झाले. १९५६ साली मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, तेव्हा आमच्यासारखी अनेक कुटुंबे गाव तिकडे आणि घर इकडे अशी राहिली. आजोबांच्या लोखंडी ट्रंकेला चार कड्यांचे पितळी कुलूप होते. आकडा त्यांनी कोणाला सांगितला नाही आणि ते गेल्यावर ट्रंक तशीच माळ्यावर राहिली. जुने घर पाडून तिथे फ्लॅट व्हायचे ठरले, तेव्हा ती खाली आली. घराच्या जागेचे मूळ कागद तिच्यात असतील असा वडिलांचा अंदाज होता आणि बांधकामवाल्याला ते हवे होते. कुलूप तोडायला कोणाचे मन होईना.

शिलाई मशीनचे तेल घालून कडी मोकळी केली. आधी अंदाज झाले. आजोबांचे जन्मसाल, लग्नाचे साल, वडिलांचे जन्मसाल, १९४७, १९४८, १९५६. काहीच लागले नाही. मग घरातली मुले ००००पासून क्रमाने सुरू झाली. एक जण फिरवायचा, दुसरा वहीत खुणा करायचा. दोन तास व्हायच्या आत १३४५वर कुलूप उघडले. या आकड्याचा अर्थ मात्र कोणालाच लागेना.

अर्थ ट्रंकेतच निघाला. वर उर्दूतला नेमणुकीचा हुकूम होता. शेजारच्या एका वृद्ध मुस्लिम गृहस्थांनी तो वाचून दाखवला. त्यावरची तारीख फसली सनाची होती, आणि साल १३४५. हैदराबाद राज्याचा सरकारी कारभार फसली सनावर चाले. हे वर्ष ६ ऑक्टोबरला सुरू होई. फसली १३४५ म्हणजे ऑक्टोबर १९३५ ते ऑक्टोबर १९३६. आजोबा ज्या वर्षी नोकरीला लागले ते वर्ष त्यांनी कुलपाला दिले होते. हुकमाखाली हाली सिक्क्यातल्या पावत्या, गावाकडून आलेली मोडी पत्रे आणि तळाशी जागेचे कागद, सगळे जागच्या जागी होते.

त्या घरात आम्ही सगळे इसवी सनात आजोबांना शोधत होतो आणि ते फसली सनात होते. आकडा गेला नव्हता. ज्या पंचांगात तो आकडा अर्थपूर्ण होता ते पंचांगच घरातून गेले होते. उर्दू गेली, मोडी गेली, फसली गेली, आणि त्यांच्याबरोबर चार आकड्यांची एक किल्ली गेली. ती ट्रंक दोन तासांत उघडली हे पितळी कड्यांचे उपकार. मोडी पत्रे वाचणारा मिळवायला आम्हाला त्यापेक्षा पुष्कळ जास्त दिवस लागले.

घरात हे असे. सरकारात काय असते? सरकारात एका माणसाच्या आठवणीवर काही सोडायचे नाही, असा जुना दंडक आहे. कोषागाराच्या स्ट्राँगरूमला दुहेरी कुलूप असते. दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे, दोघे हजर असल्याशिवाय दार उघडायचे नाही. जादा किल्ल्या लाखेची मोहर लावून दुसऱ्या ठिकाणी ठेवायच्या, आणि वर्षातून एकदा त्या मागवून तपासायच्या, पुन्हा नव्या मोहरेने परत ठेवायच्या. निवडणुकीच्या ड्यूटीवर गेलेल्या प्रत्येक सरकारी नोकराने मतदान यंत्रांच्या खोलीची अशी दोन कुलपे आणि मोहरा पाहिलेल्या असतात.

नियम इतका चोख असूनही अडते कुठे? आमच्याच तेलंगणात जगित्याल जिल्ह्यातील धर्मपुरी मतदारसंघाच्या २०१८च्या निवडणुकीचे कागद एका खटल्यासाठी उच्च न्यायालयाला हवे होते. २०२३च्या एप्रिलमध्ये स्ट्राँगरूम उघडायची वेळ आली, तर किल्ल्या सापडेनात. अखेर न्यायालयाच्या परवानगीने कुलूप तोडावे लागले.

याहून गाजलेली गोष्ट जगन्नाथपुरीच्या रत्नभांडाराची. देवाच्या दागिन्यांची मोजदाद १९७८ साली झाली होती. २०१८च्या एप्रिलमध्ये पाहणीसाठी पथक गेले तेव्हा आतल्या खोलीची किल्ली नसल्याचे उघड झाले. देशभर गवगवा झाला. काही आठवड्यांनी जिल्हा कचेरीत एका लखोट्यात जादा किल्ल्या मिळाल्याचे जाहीर झाले. १४ जुलै २०२४ रोजी भांडार उघडण्यात आले, तेव्हा त्या किल्ल्यांनी आतली कुलपे उघडलीच नाहीत. शेवटी दंडाधिकाऱ्यांसमोर ती कापावी लागली. लखोटा होता, किल्ल्या होत्या, पण त्या किल्ल्या त्याच कुलपाच्या आहेत का हे मधल्या वर्षांत कोणी लावून पाहिले नव्हते. कोषागाराच्या नियमातले 'वर्षातून एकदा तपासावे' हे शब्द कशासाठी आहेत, ते पुरीत कळते.

आपल्या मंडळाच्या दानपेटीलाही दोन कुलपे असतात. एक किल्ली अध्यक्षांकडे, एक खजिनदारांकडे. यात कोणावर अविश्वास नाही. उलट कोणावर बोट उठू नये, अशी ती सोय आहे. सार्वजनिक कामात आपण हे शहाणपण सहज पाळतो. घरात मात्र पाळत नाही.

आज चिक्कडपल्लीतल्या कोणत्याही जुन्या मराठी घरात पाहा. मुलगा पुण्याला किंवा अमेरिकेत, सून-जावई दूर, घरात दोन वृद्ध माणसे. फोनचा पिन आजोबांना ठाऊक, एटीएमचा पिन आजोबांना ठाऊक, लॉकर कोणत्या बँकेत ते आजोबांना ठाऊक. आजींना त्यातले काहीच ठाऊक नाही, कारण 'तुला कशाला त्याचा त्रास'. इथली कडी पितळेची नाहीत. तीन वेळा आकडा चुकला की बँकेचे कार्ड बंद पडते. ००००पासून क्रमाने जायची मुभा इथे नाही. अल-जझरीपासून फाइनमनपर्यंत सर्वांना उपयोगी पडलेला धीर इथे निरुपयोगी आहे. इथे चालतो तो फक्त कोषागाराचा नियम.

तो नियम घरी आणायला खर्च नाही. महत्त्वाचे आकडे एका कागदावर लिहावेत, लखोट्यात घालावेत, वर सही करावी आणि लखोटा कुठे आहे हे घरातल्या किमान दुसऱ्या एका माणसाला सांगावे. बँकेचा पिन लिहायचा नसेल तर निदान खाते कुठे, लॉकर कुठे आणि वारस म्हणून नाव कोणाचे लावले आहे, एवढे तरी लिहावे. आणि वर्षातून एकदा तो लखोटा फोडून पाहावा. त्यासाठी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवसाइतका चांगला दिवस नाही. त्या दिवशी घर आवरताना कपाटे उघडतातच, मुलेही घरी आलेली असतात. आकडा बदलला असेल तर नवा लिहावा, वारसाचे नाव जुने असेल तर बदलायला टाकावे आणि लखोटा पुन्हा बंद करावा.

आणि लखोट्यात आकड्यांबरोबर दोन ओळी आणखी लिहाव्यात : हा आकडा का ठेवला. कोणाचा जन्म, कोणते साल, कोणते गाव. पन्नास वर्षांनी तो लखोटा उघडणाऱ्याला कदाचित त्या आकड्याची गरज नसेल. या दोन ओळींची मात्र असेल.